शरीरावर नसलेली खूण

सुत्तनिपातातल्या वासेट्ठसुत्तात इच्छानंगल गावी दोन तरुण ब्राह्मणांचा वाद रंगतो. आई आणि बाप दोन्हीकडच्या सात पिढ्या शुद्ध असल्या की माणूस ब्राह्मण ठरतो, असे भारद्वाजाचे म्हणणे. वासेट्ठ म्हणतो, शील आणि आचरण यांनी ठरतो. निवाड्यासाठी दोघे बुद्धाकडे जातात. बुद्ध करुणेपासून किंवा समतेपासून सुरुवात करत नाही, गवतापासून आणि झाडांपासून करतो. मग किडे-मुंग्या, चार पायांची जनावरे, पोटाने सरपटणारे साप, पाण्यातले मासे, पंखांवर उडणारे पक्षी. यांतल्या प्रत्येकाच्या अंगावर जन्माने आलेल्या वेगवेगळ्या खुणा आहेत आणि त्यांवरून ते निराळे ओळखता येतात. त्यानंतर तो माणसाचे शरीर तपासायला घेतो: केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, मान, पाठ, पोट, हात, नखे, रंग, आवाज. तशी खूण कुठेच सापडत नाही. माणसामाणसांतला भेद उरतो तो व्यवहारातल्या नावांचा. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद केला, ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात जातिभेदावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यामुळे हा युक्तिवाद मराठी वाचकाच्या हाताशी कधीपासून आहे. तो केवळ उदात्त म्हणून वाचला जातो याचे मला वाईट वाटते. तो निरीक्षणावर उभा आहे, म्हणून निरीक्षणानेच तपासला पाहिजे. प्राण्यांच्या प्रजाती खरोखर अंगावरच्या खुणांनी ओळखता येतात का? आणि खूण दिसत नाही एवढ्यावरून भेदच नाही असे म्हणता येते का?

पहिला प्रश्न आधी घेऊ. खूण ओळखण्यावर जीव अवलंबून असतो असे एक उदाहरण बीड जिल्ह्यातल्या लोकांच्या अनुभवातले आहे. तिथून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जमिनीवर झोपतात. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या साप घरात पालींच्या मागावर येतो आणि तो बिनविषारी आहे. दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे. लोक सांगतात, मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट, कवड्याचे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. तेही बरेचसे खरे आहे. पण मण्यारीच्या पिलाला पट्टे पार पुढपर्यंत असू शकतात, आणि एखाद्या जुन्या मण्यारीच्या अंगावर पट्टे जवळजवळ दिसतही नाहीत. म्हणून जाणकार पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ बघतो. मण्यारीच्या त्या ओळीतले खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकामागे एक. कवड्याला तशी ओळ नसते. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, हीच शिस्त शब्दांत बांधून ठेवली आहे. गाईचे लक्षण तांबूस रंग असे केले तर पांढऱ्या गाई सुटतात, ती अव्याप्ति. शिंगे असे केले तर म्हशीही आत येतात, ती अतिव्याप्ति. एकसंध खूर असे केले तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. गळ्याखालची पोळी हे लक्षण त्यांनी निर्दोष मानले. पट्टे आणि कण्यावरचे खवले यांच्यात निवड करणारा सर्पमित्र त्यांचा तर्कसंग्रह हा ग्रंथ न वाचताही त्याच वाटेने चाललेला असतो.

इथवर वासेट्ठसुत्ताची बाजू भक्कम आहे. तिला खरा धक्का बसतो तो समुद्रात, स्क्वॉट लॉब्स्टर नावाच्या प्राण्यांपाशी. नावात लॉब्स्टर असला तरी आपल्या कोकणातल्या शेवंडाशी यांचे नाते दूरचे आहे. शंखात राहणाऱ्या खेकड्यांशी ते जवळचे आहेत. शेपटीचा भाग पोटाखाली दुमडलेला, पुढच्या दोन नांग्या बहुधा शरीराहून लांब, आणि दोन डोळ्यांच्या मधून पुढे आलेली एक चोच. प्रजाती ओळखायची सुरुवात या चोचीपासून होते. गॅलाथिया या गटात ती चपटी, त्रिकोणी आणि कडांना दाते असलेली असते. म्युनिडात ती सुईसारखी बारीक, आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांवर एकेक आखूड काटा. खोल अंधारात राहणाऱ्या म्युनिडॉप्सिसचे डोळेच खुरटलेले. मग पाठीवरच्या आडव्या रेघा, पोटाच्या वळ्यांवरचे काटे, ते किती आणि कुठल्या वळीवर, मिशीच्या बुडाशी असलेला काटा किती पुढे जातो, हे सगळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. हिंदी महासागरातले असे प्राणी ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने खोल पाण्यातून वर काढले आणि आल्फ्रेड अल्कॉक यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमसाठी १९०१ मध्ये त्यांची वर्णनात्मक सूची केली. एकेका काट्याच्या नोंदीवर उभे असलेले हे काम आहे, आणि त्यामागचा संयम मला कुठल्याही साधनेइतकाच आदरणीय वाटतो.

पण याच प्राण्यांत ॲलोगॅलाथिया नावाचा एक गट आहे. पिसांसारखे हात असलेल्या क्रिनॉइड या सागरी जिवांच्या अंगावर तो राहतो. त्यात एकच प्रजाती आहे, रंग आणि ठेवण तेवढी जागोजागी बदलते, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०११ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी त्यांचा डीएनए तपासला तेव्हा तिथे चार निराळ्या वंशरेषा असल्याचे दिसले. त्यानंतर पुन्हा शरीराकडे पाहिले तर नांगीची लांबी-रुंदी, चोचीची ठेवण असे बारीक फरक सापडले. आधी ते डोळ्यांसमोरच होते, पण कोणी त्यांना खूण मानले नव्हते. उलट बाजूचे उदाहरणही याच गोतावळ्यात आहे. पोर्सेलिन क्रॅब म्हणून ओळखले जाणारे प्राणी हुबेहूब खेकड्यासारखे दिसतात, पण ते खरे खेकडे नव्हेत, स्क्वॉट लॉब्स्टरचे भाऊबंद आहेत. म्हणजे सारखे दिसणारे वेगळे निघतात आणि वेगळे दिसणारे जवळचे. मग वासेट्ठसुत्ताला कोणी विचारील: माणसाच्या अंगावर तुम्हाला खूण दिसली नाही म्हणून भेद नाही, हे कसे? तुम्ही पुरेसे पाहिले नसेल, किंवा पाहण्याचे साधन तुमच्याकडे नसेल.

हा आक्षेप आधुनिक वाटतो, पण तो मीमांसक कुमारिल भट्टांनी सातव्या शतकाच्या आसपासच तयार ठेवला होता. श्लोकवार्तिकात त्यांचे म्हणणे असे आहे की प्रत्येक सामान्य, म्हणजे अनेक वस्तूंत आढळणारा समान धर्म, एकाच साधनाने कळत नाही. पातळ केलेले तूप तेलासारखे दिसते, ते वासाने आणि चवीने कळते. राखेखालचा विस्तव स्पर्शाने कळतो, लांबचा घोडा खिंकाळण्यावरून. तसे ब्राह्मणत्व जन्म माहीत असला की कळते. नुसत्या डोळ्यांना दिसले नाही म्हणून ते नाही असे ठरत नाही. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. ॲलोगॅलाथियाच्या चार प्रजाती डीएनएने उघड होतात, तुपाचे तूपपण वासाने उघड होते. दोन्हीकडे तर्क एकच आहे. मीमांसेतल्याच प्राभाकर पंथाने ब्राह्मणत्व नावाचे सामान्य नाकारले, कारण सगळ्या ब्राह्मणांत सारखा प्रत्ययाला येणारा कुठलाही आकार त्यांना सापडला नाही. वेद मानणाऱ्यांच्या घरातच हा वाद झाला, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण जातीवर शंका घेणे म्हणजे धर्मावर शंका घेणे असा समज आजही पसरवला जातो.

कुमारिलांच्या उदाहरणांत एक फट आहे, आणि सगळा निकाल त्या फटीत आहे. तुपाचा वास ज्याला येतो त्याला ते तूप आहे हे आधी कोणी सांगावे लागत नाही. झाकलेली दोन भांडी पुढे ठेवा, नावे लपवा, तो बरोबर सांगेल. स्क्वॉट लॉब्स्टरच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाका, नमुने एकत्र करा आणि दुसऱ्या देशातल्या अभ्यासकाकडे पाठवा. त्याने केलेले ढीग पहिल्याच्या ढिगांशी जुळतील. ब्राह्मणत्वाचे तसे होत नाही. जन्माची माहिती हे इथे साधन म्हणून सांगितले जाते, पण ती माहिती म्हणजे बाप ब्राह्मण होता ही माहिती. आणि बाप ब्राह्मण होता हे त्याच्या बापावरून. वास, स्पर्श, आवाज यांनी वस्तूतले काहीतरी हाती येते. इथे फक्त आधीच्या कोणीतरी लावलेली चिठ्ठी हाती येते. चिठ्ठी वाचल्याशिवाय जे कधीच ओळखता येत नाही, ते चिठ्ठीवरच राहत असले पाहिजे.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. काटे, पट्टे, चोच ही प्रजाती नव्हे, प्रजातीचा पुरावा आहे. पुरावा नेमका कशाचा? दोन वंश स्वतःहून वेगळे वाहत आहेत, एकमेकांत मिसळत नाहीत, याचा. आणि बौद्ध परंपरेला हे ठाऊक होते, म्हणूनच मला ती या बाबतीत फार पुढची वाटते. मज्झिमनिकायातल्या अस्सलायनसुत्तात खुणांची यादी बाजूला राहते आणि संततीचा प्रश्न येतो. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते. तिथे तिसरेच काहीतरी जन्माला आल्याचे दिसते. क्षत्रिय मुलगा आणि ब्राह्मण मुलगी यांच्यापासून मात्र माणूसच होतो, आईसारखा आणि बापासारखा. सोळा वर्षांचा अस्सलायन यावर निरुत्तर होतो. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या वज्रसूचीत हेच फणसाच्या रूपाने येते: बुंध्याला लागलेला फणस आणि फांदीला लागलेला फणस यांत जातिभेद कसा करायचा? वज्रसूची उपनिषदही देह, जन्म, कर्म असे एकेक निकष घेऊन ते अपुरे ठरवते. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात वज्रसूची मराठी अभंगांत उतरवली. १८३९ मध्ये अश्वघोषाची वज्रसूची छापली गेली तेव्हा तिच्यासोबत सुबाजी बापू यांनी लिहिलेले खंडनही छापावे लागले. एखाद्या पुस्तकाची धार किती होती हे त्याच्या विरोधकांनी घेतलेल्या कष्टांवरून कळते.

मिसळण्याच्या कसोटीला आणखी एक टोक आहे. मण्यार आणि कवड्या यांनी जोडी जमवू नये म्हणून कुणाला नियम करावा लागत नाही. समुद्राच्या तळाशी दोन प्रजाती एकाच क्रिनॉइडवर बसल्या तरी त्यांच्यावर पहारा बसवावा लागत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र वर्णसंकरातून झालेल्या जातींची लांबलचक यादी आहे. ती यादी म्हणजे एक कबुली आहे. कोण कोणाशी मिसळला, त्यातून कोण झाले, त्यांना काय नाव द्यायचे, त्यांनी काय काम करायचे, हे शास्त्राला लिहावे लागते याचा अर्थ मिसळण्यात निसर्गाचा काही अडथळा नाही. जे घडूच शकत नाही त्याला कोणी मनाई करत नाही.

आजचा सुशिक्षित आक्षेपक इथे जनुकशास्त्र पुढे करतो. जातीजातींत जनुकीय फरक मोजता येतात, मग तो भेद खोटा कसा? फरक मोजता येतात, हे खरे आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सहभागी असलेला २०१३ चा एक अभ्यास सांगतो की भारतातले वेगवेगळे लोकसमूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले आणि नंतर ते मिसळणे थांबत गेले. म्हणजे रक्तात दिसतो तो विवाहबंदीचा इतिहास, आणि त्याच रक्तात त्याआधीच्या सर्रास मिसळण्याचाही इतिहास आहे. शिवाय हे फरक समूहांच्या सरासरीचे आहेत. अमुक जनुक या जातीत सर्वांना आणि बाहेर कुणालाच नाही, असे काही निघत नाही. नैयायिकांच्या भाषेत अव्याप्ति आणि अतिव्याप्ति दोन्ही दोष एकदम. पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्ने करणाऱ्या कुठल्याही समूहात असे फरक साचतात, आणि त्यांच्याबरोबर आनुवंशिक रोगही साचू शकतात. बंदीची खूण शरीरावर उमटली म्हणून बंदी निसर्गाची होत नाही.

शरीर मोजून जात शोधण्याचा प्रयत्न तर कॅलिपर घेऊनच झाला आहे, स्क्वॉट लॉब्स्टरची पाठ मोजतात त्याच जातीचे साधन. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि सामाजिक पायरी यांचा संबंध जोडला: नाक जितके बारीक तितकी जात वरची. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तीच मोजमापे पुन्हा तपासली आणि दाखवले की उत्तर हिंदुस्थानच्या एका पट्ट्याबाहेर हा संबंध टिकत नाही, आपल्या महाराष्ट्रातही नाही. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या विषमतेवर काम करत होत्या. वंशानुसार फरक निघेल ही गुरूंची अपेक्षा होती, त्यांच्या मोजमापांत तो निघाला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. इथे मोजण्यात दोष नव्हता. त्याच शिस्तीने समुद्रात नव्या प्रजाती सापडतात आणि माणसात सापडत नाहीत, याला महत्त्व आहे.

प्रजाती नसेल, पण जात हे वाण तर असेल, असेही म्हटले जाते. देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या मराठवाड्याची गोधने. दोन्ही गाईच, तरी गुण वेगळे. पण वाण टिकतो तो शेतकऱ्याच्या निवडीने. दूध, चाल, ओढकामातली ताकद पाहून तो वळू ठरवतो आणि न पटलेला बाजूला काढतो. जातीच्या लग्नात अशी गुणांची निवड कधी झाली? मुलगा आळशी असो, कष्टाळू असो, जातीतला असला की चालला. आईबापांच्या गुणांवर नजर न ठेवता वाण तयार होतो असे कुठलाही गोपालक मानणार नाही.

धार्मिक मनाचा आक्षेप याहून खोल आहे आणि तो बीडच्या मातीतूनच येतो. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० चा मानला जाणारा त्यांचा विवेकसिंधू हा मराठीतल्या आद्य ग्रंथांपैकी एक. अद्वैताचा तो वारसा घेऊन कोणी म्हणेल: परमार्थात भेद नाहीच, ब्रह्म एकच आहे, पण व्यवहारात भेद पाळावा लागतो, जात ही व्यवहारातली गोष्ट आहे. ही मांडणी शतकानुशतके दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभी राहिली आहे. पण अद्वैताने व्यवहाराला बेशिस्त सोडलेले नाही. दोरीवर साप भासला तर तो भ्रम दिवा आणून दूर करायचा असतो, ब्रह्मज्ञान होईपर्यंत थांबायचे नसते. व्यवहारातली चूक व्यवहारातल्या प्रमाणांनी दुरुस्त होते. कवड्याला मण्यार समजणे ही पारमार्थिक चूक नव्हे, व्यावहारिक चूक आहे, आणि कण्यावरची ओळ पाहून ती दुरुस्त होते. माणसात जातीची वस्तू आहे हा समज याच कसोटीला उतरला पाहिजे. तो खुणेने उतरत नाही, संततीने उतरत नाही, चिठ्ठी काढल्यावर उतरत नाही. तो व्यवहारातच खोटा ठरतो. त्याला खोटे ठरवायला ब्रह्माची गरज पडत नाही.

मग जात नावापुरतीच असेल तर तिच्या नावावर न्याय मागणे विसंगत नाही का, हा शेवटचा प्रश्न मराठवाड्यात आज जिवंत आहे. नावाला वस्तू नसते म्हणून त्याचा मारही नसतो असे समजणे चूक आहे. पाणवठ्यावर अडवले गेलेल्याची तहान खरी होती, नाकारलेली जमीन खरी होती. नावाने केलेले नुकसान मोजायचे तर ते नाव कागदावर वाचावेच लागते, आणि वाचतात ते कागदावरच. मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीवरून २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या त्या निजामकाळातल्या महसुली आणि इतर दप्तरांत, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवून. त्या मागणीचा निवाडा इथे करायचा नाही. पण जात शोधायला शासनाला दप्तरखान्यात जावे लागले, ही वस्तुस्थिती कुमारिलांना दिलेले उत्तर पुरे करते. बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावे काढायला लावली, पट्टीवर फक्त पहिले नाव. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे मला वाटत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई ठरवणाऱ्या टेबलावर नोंद लागते. तक्रार लिहून घेणाऱ्या टेबलावर ती लागत नाही, कारण तिथे समोर बसलेल्याबद्दल जे कळायला हवे त्यातले काहीही आडनाव सांगू शकत नाही.